ट्यूनरचा काटा मध्यावर, तरी गटात सूर चढा का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझा काही गैरसमज झाला असेल तर इथेच कळेल. तुम्ही चार वर्षं बी फ्लॅट ट्रम्पेट वाजवताय. घरी ट्यूनरचं ॲप (सूर चढा आहे की उतरलेला ते काट्याने दाखवणारं) समोर ठेवून सराव करता आणि जवळजवळ प्रत्येक सुराला काटा मध्यावर आणता. सहा महिन्यांपूर्वी एका ब्रास, म्हणजे पितळी वाद्यांच्या, गटात दुसरा ट्रम्पेट म्हणून बसायला लागलात. तिथे एका संथ रचनेच्या शेवटच्या कॉर्डवर, म्हणजे सगळे आपापले वेगळे सूर एकत्र धरतात तिथे, संचालक दर वेळी थांबवतात आणि म्हणतात, 'दुसरा ट्रम्पेट चढतोय.' त्या जागी तुमच्या कागदावर वरचा ई आहे, कळ न दाबता वाजणारा. खालचे डी आणि सी शार्पही चढे लागतात अशी तक्रार आहे. म्हणून तुम्ही ट्यूनिंग स्लाइड, म्हणजे नळीचा सरकता मुख्य तुकडा, अडीच सेंटीमीटर बाहेर ओढलीत, तर बाकीचे बरेचसे सूर उतरले. आता तुम्ही विचारताय की काटा खोटं बोलतोय की संचालकांचे कान, आणि चांगला महागडा ट्रम्पेट घेतला तर हे सुटेल का.

काटा खोटं बोलत नाही. संचालकही बरोबर आहेत. घोळ असा आहे की तुमच्या तीन चढ्या सुरांचं कारण एकच नाही आणि तुम्ही तिघांवर एकच औषध लावलंत, तेही प्रमाणाबाहेर. सगळ्यात महत्त्वाचं कारण त्या ई चं आहे. डी आणि सी शार्पचं यांत्रिक आहे, ते आठवडाभरात आटोक्यात येईल. ई ला वेळ लागेल, कारण तिथे तुम्हाला चार वर्षांची एक सवय मोडायची आहे.

एक खुलासा: मी स्वरांची नावं ट्रम्पेटच्या कागदावर लिहिलेली वापरतोय. बी फ्लॅट ट्रम्पेटवर कागदावरचा सी वाजवला की प्रत्यक्षात बी फ्लॅट निघतो, म्हणून मी सी मेजर म्हटलं की ट्रॉम्बोन आणि ट्यूबावाल्यांच्या दृष्टीने ती बी फ्लॅट मेजर. गटात बोलताना हे विसरू नका, अर्धी तालीम या गोंधळात जाते.

आता ई. ट्रम्पेटची एकही कळ दाबू नका. हातात उरते ती एक साधी नळी, तुतारीसारखी. ती फक्त ठरावीक सूर देते, कारण त्या नळीतली हवा मूळ कंपनाच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशाच वेगांनी थरथरायला राजी असते. दुसरा सूर खालचा सी, तिसरा जी, चौथा मधला सी, पाचवा तुमचा ई, सहावा वरचा जी. सातवा बी फ्लॅटच्या आसपासचा आहे, पण ट्यूनरच्या हिशेबाने ३१ सेंट उतरलेला. (१०० सेंट म्हणजे एक अर्धस्वर.) म्हणून ट्रम्पेटवाले त्याला हात लावत नाहीत. आठवा पुन्हा सी.

चौथ्या आणि पाचव्या सुराचं गुणोत्तर आहे ४ : ५. निसर्गात शुद्ध गंधाराचं अंतर हेच, आणि सेंटमध्ये ते ३८६ भरतं. ट्यूनरचा गंधार मात्र ४०० सेंटवर असतो, कारण ट्यूनरने सप्तकाचे बारा अगदी सारखे तुकडे केलेले असतात. ती पियानोची सोय आहे: कुठल्याही पट्टीत वाजवा, सगळीकडे थोडं थोडं खोटं, कुठेच फार खोटं नाही. म्हणजे तुमचा ट्रम्पेट त्याच्या स्वभावाने ई देतो तो ट्यूनरपेक्षा १४ सेंट खाली. नेमका आकडा वाद्यागणिक बदलतो. कारागीर नळीच्या निमुळतेपणात फेरफार करून असे सूर थोडे इकडेतिकडे सरकवतात, त्यामुळे तुमच्या वाद्यावर तो ८ किंवा १० असेल. पण दिशा हीच.

तानपुरा नीट जुळला की गंधाराची तार नसतानाही त्यातून गंधार ऐकू येतो, ज्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तो हाच, षड्जाच्या तारेतला पाचवा सूर. ट्यूनर त्याच्यासमोर धरला तर ट्यूनर तानपुऱ्यालाही 'उतरलाय' म्हणेल.

आता तुम्ही चार वर्षं काय केलंत ते बघा. काटा डावीकडे झुकला की ओठ आवळून, सूर वर ढकलून तो मध्यावर आणला. रोज. ओठांना आता तेच पाठ झालंय. शेवटची कॉर्ड येते, ट्यूबा आणि ट्रॉम्बोन खाली सी आणि जी धरून बसतात, आणि त्यांच्या जाड आवाजात पाचवा सूर, म्हणजे तुमचा ई, आधीपासूनच घुमत असतो. तुम्ही त्याच्यावर १४ सेंट चढा ई आणून ठेवता. दोन ई एकमेकांना घासतात. हिशेब करायचा तर तुमच्या मधल्या सी ची कंपनं सेकंदाला ४६६. त्याच्या पाचपट आणि ट्यूनरच्या ई च्या चौपट यांत सेकंदाला अठराएक कंपनांचा फरक पडतो. कानाला ती खरखर लागते. संचालकांना हे आकडे माहीत असतील-नसतील, त्यांना कॉर्ड खरखरीत लागते आणि खरखर कुठून येतेय ते त्यांना कळतं.

थोडक्यात, त्या जागी ट्यूनरने तुम्हाला कणसूर वाजवायला शिकवलं. तुमचा ट्रम्पेट आपणहून बरोबर वाजवत होता, तुम्ही त्याला दुरुस्त केलंत.

मला हे कळायला तुमच्यापेक्षा जास्त वर्षं लागली. मी तर तालमीतही वाद्याच्या भोंग्याला ट्यूनरची चिमटी लावून बसायचो आणि ती लावल्याचा अभिमान बाळगायचो. शेजारच्या ट्रॉम्बोनवाल्याने एकदा मधल्या सुट्टीत ती काढून स्वतःच्या खिशात टाकली आणि तालीम संपेपर्यंत दिली नाही. पहिली पंधरा मिनिटं मी चिडून वाजवलं. मग लक्षात आलं की मी पहिल्यांदाच त्याचा आवाज ऐकतोय.

पण आता 'ई नेहमी खाली ठेवायचा' असा नियम करून बसू नका. तोच ई दुसऱ्या कॉर्डमध्ये दुसरं काम करतो. ए मेजरमध्ये तो पंचम आहे, आणि शुद्ध पंचम ट्यूनरपेक्षा २ सेंट वर असतो. तिथे वाद्याचा नैसर्गिक ई ऐकणाऱ्याला सरळ उतरलेला लागेल. ई मेजरमध्ये तोच षड्ज, बाकीचे त्याच्यावर आपला सूर बेतणार. सी शार्प मायनरमध्ये तो कोमल गंधार, आणि शुद्ध कोमल गंधार ट्यूनरपेक्षा १६ सेंट वर बसतो. एकाच सुराच्या दोन टोकांमध्ये ३० सेंटचं अंतर झालं! एफ च्या पट्टीत सुरावट ई वरून एफ वर जात असेल, तर एकट्याने गाताना माणूस तो ई थोडा वर, एफ ला खेटून ठेवतो आणि ते कानाला गोडही लागतं. म्हणजे आडवी चाल असेल तर एक जागा, उभी कॉर्ड असेल तर दुसरी. आणि पियानो साथीला असेल तर हे सगळं बाजूला ठेवा. पियानो हलणार नाही, तुम्हीच हला. तिथे ट्यूनरचा ई बरोबर.

ई वर न्यायची वेळ आली तर ओठांआधी बोटांचा विचार करा. पहिली आणि दुसरी कळ दाबूनही तोच ई मिळतो. तो सहाव्या सुरातून येतो, त्यामुळे चढा असतो. त्याचप्रमाणे वरचा ई फ्लॅट दुसऱ्या-तिसऱ्या कळेने आणि वरचा डी पहिल्या-तिसऱ्या कळेने. हे दोन्ही सूर नेहमीच्या बोटांनी याच पाचव्याच्या कुळातले, म्हणून तेही उतरते. लांब धरायच्या, पंचम किंवा षड्ज असलेल्या सुरासाठी मी पर्यायी बोटं बिनधास्त वापरतो. जलद ओळीत वापरत नाही, कारण तिथे कोणालाच कळत नाही आणि बोटं मात्र अडखळतात.

कॉर्डमध्ये आपण कोण आहोत हे कळायचं कसं? सगळ्यात सोपा मार्ग, सगळ्या वाद्यांचं एकत्र स्वरलेखन मागून घ्या आणि तुमच्या कागदावर लांब धरलेल्या सुरांपुरतं पेन्सिलने लिहा: षड्ज, गंधार की पंचम. दुसऱ्या ट्रम्पेटच्या वाट्याला गंधार फार येतो. हे काम बिनमानाचं वाटतं, पण कॉर्ड गोड लागणार की नाही हे बऱ्याचदा दुसऱ्या खुर्चीवर ठरतं. पहिला ट्रम्पेट चुकला तर सगळ्यांना तो चुकलेला कळतो. दुसरा चुकला तर अख्खा गट बेसूर वाटतो.

सराव कसा बदलायचा तेही सांगतो. ट्यूनर फेकू नका, पण त्याचा पडदा उलटा ठेवा आणि त्यातून नुसता सूर वाजवून घ्या. बहुतेक ॲपमध्ये सलग सूर देण्याची सोय असते. ट्रम्पेटचा सी हवा असेल तर ॲपमध्ये बी फ्लॅट निवडायचा. खालच्या सप्तकातला घ्या, जरा मोठ्याने. आता ट्रम्पेट मांडीवर ठेवून त्या सुरावर आधी ई गा. आवाज कसाही असू दे, गाणं ऐकवायचं नाहीये. गाताना सूर किंचित वर-खाली करा. एका जागी खरखर थांबते आणि दोन्ही आवाज एकमेकांत विरघळतात. ती जागा ओळखता आली की मग ट्रम्पेट उचला आणि तीच जागा शोधा.

गाण्याचा आग्रह मी उगाच धरत नाही. त्यातून निदान होतं. हे दोन्ही फोनवर ध्वनिमुद्रित करा, आधी गाऊन, मग वाजवून. गायलेला ई जुळतोय आणि वाजवलेला जुळत नाही, तर कान ठीक आहे, ओठांची सवय आड येतेय. गायलेलाच जुळत नसेल तर ओठांवर काम करून काही होणार नाही, आधी कान. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचे कान त्यांना वाटतं त्यापेक्षा चांगले निघतात. त्यांना कानाकडे जायची वेळच आलेली नसते, डोळे सगळं काम करत असतात.

गटातला पहिला ट्रम्पेट तयार असेल तर आणखी एक गंमत करून बघा. त्याने मधला सी धरायचा, तुम्ही वरचा ई, दोघांनी भरपूर आवाजात, शेजारी शेजारी उभं राहून. कानात एक तिसरा, खालचा, गुणगुणता सूर ऐकू येईल. तो दोन्ही कंपनांतल्या फरकाचा सूर. शुद्ध अंतरावर तुमची कंपनं सुमारे ४६६ आणि ५८३, फरक ११७. तो बरोब्बर त्याच्या सी च्या दोन सप्तकं खालचा सी. म्हणजे तुम्ही दोघंच वाजवताय आणि खाली ट्यूबा असल्यासारखा षड्ज उभा राहतो. आता तुम्ही ट्यूनरवाला ई वाजवा, ५८७. फरक होतो १२१, आणि तो खालचा सूर त्या सी पेक्षा जवळपास दोन-तृतीयांश अर्धस्वर चढा होतो. १४ सेंटची चूक खाली पाचपट मोठी होऊन दिसते. एकदा हे ऐकलं की काट्याची गरज भासत नाही, सूर स्वतःच सांगतो.

हे ऐकू यायला आवाज मोकळा लागतो, आणि इथे मला तुमच्याबद्दल एक शंका आहे. अडीच सेंटीमीटर स्लाइड ओढूनही तुमचे काही सूर ठीक लागत होते असं तुमच्या वर्णनावरून दिसतं. ट्रम्पेटची नळी साधारण १४८ सेंटीमीटरची. स्लाइडचा आकार इंग्रजी यू सारखा, त्यामुळे ती १ सेंटीमीटर ओढली की नळी २ सेंटीमीटरने वाढते आणि मोकळे सूर ढोबळमानाने २३ सेंट उतरतात. अडीच म्हणजे ५७ सेंट, अर्ध्या अर्धस्वराहून जास्त! इतकं उतरवूनही चालत असेल, तर मुळात तुम्ही सगळंच वाद्याच्या मध्याच्या वर, ओठ आवळून वाजवताय. चढा वाजवणाऱ्या ट्रम्पेटवाल्यांचं हे नेहमीचं दुखणं आहे. आवाज बारीक, टोकदार होतो आणि अर्ध्या तासात ओठ दमतात. तुमचं तसं होतं का, ते लिहिलं नाहीत. होत असेल तर निदान पक्कं.

सुराचा मध्य शोधायला एक व्यायाम. मधला जी धरा. बोटं न बदलता, ओठ आणि जिभेची बैठक सैल करत सूर खाली वाकवा, जमेल तितका, अर्धस्वरापर्यंत. खाली आवाज घोगरा होईल, होऊ द्या. मग हळूहळू परत वर या. वर येताना एका जागी वाद्य एकदम 'बोलतं', आवाज रुंद होतो आणि कमी फुंकरीत जास्त घुमतो. तिथे थांबा. सवयीने तुम्ही त्या जागेच्या पुढे, आणखी वर जाल. तुम्ही रोज वाजवता ती जागा ती. दोन्हींतला फरक कानाला पटला की स्लाइड आपोआप आत जायला लागते. महिन्याभरात ती एक-दीड सेंटीमीटरच्या आसपास येऊन स्थिरावेल असा माझा अंदाज. पण वाद्य, माउथपीस आणि तोंडाची ठेवण यांवर ते अवलंबून आहे, तेव्हा माझ्या आकड्याला चिकटून राहू नका.

खालचा डी आणि सी शार्प ही मात्र शुद्ध अंकगणिताची गोष्ट आहे, त्यात तुमचा दोष शून्य. प्रत्येक कळ नळीचा एक जादा तुकडा जोडते. दुसरी कळ अर्धस्वर उतरवते, त्यासाठी नळी सुमारे ६ टक्के लांब करते. पहिली पूर्ण स्वर उतरवते, १२ टक्के. तिसरी दीड स्वर, १९ टक्के. हे तुकडे मोकळ्या नळीच्या मापाने कापलेले असतात. पण पहिली कळ आधीच दाबलेली असेल तर नळी लांब झालेली असते, आणि त्या लांब नळीच्या १९ टक्के लांबी हवी असते. सूर मागतो चक्रवाढ व्याज, कळा देतात सरळ व्याज.

आकड्यांत सांगायचं तर पहिली आणि तिसरी मिळून सुमारे ४६ सेंटीमीटर नळी जोडतात, लागते साडेएकोणपन्नास. साडेतीन सेंटीमीटर कमी, म्हणून डी सुमारे ३१ सेंट चढा. तिन्ही कळा मिळून ५५ जोडतात, लागते ६१. म्हणून सी शार्प आणखी चढा, ५५ सेंटच्या आसपास. पहिली-दुसरी जोडीही चढीच, पण १० सेंट, ती निभावते. प्रत्यक्षात कारागीर तिसऱ्या कळेचा तुकडा मुद्दाम जरा लांब कापतात, म्हणजे चूक थोडी वाटली जाते, पण संपत नाही.

त्यासाठीच तिसऱ्या कळेच्या स्लाइडला डाव्या हाताच्या बोटाची कडी दिलेली असते. ती वाद्य धरायला नसते, ढकलायला असते! डी ला साधारण सव्वा ते पावणेदोन सेंटीमीटर, सी शार्पला त्याच्या दुप्पट नाही पण जवळपास. घरी लांब सुरात तुम्ही हे सूर ओठ सैल सोडून खाली आणत असणार, म्हणून काटा मध्यावर येत होता. गटात सूर पटकन येतो-जातो, ओठांना तेवढा वेळ मिळत नाही. स्लाइड ढकलणं हे बोटं बदलण्याइतकंच सवयीचं झालं पाहिजे. डी आला की बोट आपोआप बाहेर.

आणि आता लक्षात येईल की मुख्य स्लाइड ओढल्याने हे का सुटलं नाही. मुख्य स्लाइड ओढली की मोकळी नळी लांब होते, कळांचे तुकडे आहेत तेवढेच राहतात. म्हणजे त्या लांब नळीच्या मानाने ते आणखी आखूड ठरतात. मोकळे सूर भरपूर उतरतात, डी आणि सी शार्प त्या मानाने कमी. त्यांच्यातली तेढ वाढते.

मोठ्या वाद्यांवर हे दुखणं आणखी तीव्र होतं. ट्यूबावाले वाजवता वाजवता डाव्या हाताने स्लाइड खेचताना दिसतात ते याच कारणाने. युफोनियमसाठी (ट्यूबासारखं, पण लहान वाद्य) ब्लेकली नावाच्या ब्रिटिश माणसाने १८७४ मध्ये एक युक्ती पेटंट केली. विशिष्ट कळा एकत्र दाबल्या की हवा पुन्हा एकदा फिरून छोट्या जादा तुकड्यांतून जाते आणि कमी पडलेली लांबी भरून निघते. आजही चांगल्या युफोनियममध्ये तीच रचना असते. हॉर्नवाल्यांचा एक हात भोंग्यातच असतो, तो थोडा मिटला की सूर उतरतो. आणि ट्रॉम्बोनवाले? त्यांना कळाच नाहीत, सूर हवा तिथे ठेवता येतो. ते सातवा, ३१ सेंट उतरलेला सूरसुद्धा स्लाइड थोडी आत घेऊन सर्रास वापरतात. म्हणून ब्रास गटात सुराबद्दल वाद झाला तर मी ट्रॉम्बोनवाल्याच्या बाजूने उभा राहतो. त्यांच्याकडे सबब नसते, त्यामुळे त्यांना ऐकायची सवय असते.

आणखी काही गोष्टी सूर हलवतात, त्यांचा विसर पडू देऊ नका. हवा एक अंश सेल्सिअसने तापली की सूर सुमारे ३ सेंट चढतो. वाद्याच्या आत तुमचा श्वास असतो, त्यामुळे खोलीचा पूर्ण परिणाम होत नाही. पण चाळीस मात्रा गप्प बसून एकदम लांब सूर धरायचा असेल, तर त्याआधी आवाज न करता वाद्यातून गरम श्वास सोडत राहा. सरळ म्यूट (आवाज दाबायला भोंग्यात बसवतात तो) लावला की सूर बहुतेक वेळा चढतो. तुमच्या म्यूटने किती, हे एकदा घरी मोजून ठेवा. इथे ट्यूनर खरोखर कामाचा. जोरात वाजवताना काही जण चढतात, काही उतरतात, दमल्यावरही तसंच. यात तुम्ही कोणत्या जातीचे हे तुमचं ध्वनिमुद्रणच सांगेल. ॲपमध्ये जुळवणीच्या ए ची कंपनं सेकंदाला ४४० धरली आहेत की ४४२, तेही बघून घ्या. फरक जेमतेम ८ सेंटचा, पण गट ४४२ ला जुळत असेल आणि तुम्ही ४४० वर सराव करत असाल तर गणित आणखी बिघडतं.

आता नवा ट्रम्पेट. सध्या नको. चांगल्या वाद्यात सुरांच्या जागा जास्त समंजस असतात, प्रत्येक सूर सहज बोलतो, हे खरं. पण पहिल्या-तिसऱ्या कळेचं अंकगणित सगळ्यात महागड्या ट्रम्पेटलाही लागू आहे आणि पाचवा सूर तिथेही पाचवाच. नव्या वाद्यावर तुम्ही तोच ई तितक्याच निष्ठेने वर ढकलाल. आधी आहे तेच वाद्य तपासा. दुसऱ्या कळेची स्लाइड कळ न दाबता ओढून सोडा. चटकन परत ओढली गेली किंवा काढताना 'पॉप' असा आवाज आला तर कळा अजून घट्ट आहेत. हवा निमूट गळत असेल तर कळा झिजल्यात, तेव्हा मात्र दुरुस्ती करणाऱ्याला दाखवा.

तुमच्या डी आणि सी शार्पच्या तक्रारीवरून मला वाटतं की तिसऱ्या कळेची स्लाइड हललेलीच नाही. ती आज बघा. तिसरी कळ दाबून धरा, मग ओढा. कळ न दाबता ओढलीत तर आतली पोकळी ती मागे खेचेल आणि तुम्हाला वाटेल की अडकली आहे. खरोखरच अडकली असेल तर पक्कड लावू नका, नळी पिळवटते. दुरुस्तीवाल्याकडे द्या. निघाली तर जुनं घट्ट झालेलं ग्रीस पुसून टाका आणि पातळ तेल घाला, इतकं की वाद्य उभं धरल्यावर कडीला नुसतं बोट लावलं तरी ती सरकेल. ट्यूनिंग स्लाइडला मात्र घट्ट ग्रीसच ठेवा, ती वाजवताना हलायला नको. आणि ती आत्ता दीड सेंटीमीटरवर आणून ठेवा, पुढच्या तालमीत त्या शेवटच्या कॉर्डला ई वाद्य देईल तसा येऊ द्या. संचालकांनी थांबवलं तर काय म्हणाले ते मला कळवा.